आईसाठी थांबवलेला तुकडा

त्साय मेईफेनला आमच्या इस्पितळात सगळे वचकून असत. अंगाने काडी, पण आवाज बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्याचा. तिचं काम सांगायला सोपं आहे. ऑपरेशनच्या खोलीतून यकृताचा तुकडा बाहेर आला की तो ताब्यात घ्यायचा, फॉर्मॅलिनच्या, म्हणजे मांस नासू न देणाऱ्या औषधाच्या, बादलीत बुडवायचा, पुढे त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचेवर चढवून माझ्यासमोर ठेवायचे. मी सूक्ष्मदर्शकातून बघून सांगायचं, रोग कुठला आणि किती खोडकर. खोली एक, खिडकी एक, भांडणं रोजची. अशा आम्ही दोघी तिथेच म्हाताऱ्या झालो.

आमच्याकडे एक रीत आहे. ऑपरेशन चालू असताना सर्जनचा मदतनीस स्टीलचा ट्रे घेऊन दाराबाहेर येतो आणि नातेवाइकांना काढलेला तुकडा दाखवतो. "हे बघा, हे काढलं." लोकांना बघायचंच असतं. पोटातलं दुखणं स्वतःच्या डोळ्यांनी बाहेर आलेलं पाहिल्याशिवाय त्यांचा जीव भांड्यात पडत नाही. मग कुणी रडतं, कुणी वाकून वास घेतं, कुणी "मामा खाली विडी ओढायला गेलाय, त्याला येऊ द्या" म्हणतं. तोवर तुकडा उघड्यावर नासत असतो.

म्हणून मेईफेन बादली घेऊन दारातच उभी असायची. "बघितलंत? झालं? मग द्या इकडे. नवरी आहे का ती, निरखत बसायला?" एकदा तालुक्याचा एक मोठा अधिकारी फोनवर बोलत राहिला आणि परत येऊन म्हणाला, मला पुन्हा दाखवा. हिने त्याच्या तोंडावर बादलीचं झाकण लावलं. "साहेब, मासळी आणि यकृत कुणासाठी थांबत नाही. तुमच्या खुर्चीसाठी तर नाहीच नाही." त्याने वर तक्रार केली. वरच्यांनी मला बोलावलं. मी म्हटलं, तिला काढा आणि मलाही काढा, मग बघा तुकडे. कुणी काढलं नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

आमचा मुलूख नदीच्या मुखाशी आहे. गाळाची जमीन, खारं वारं, भरतीला दिसेनासा होणारा चिखल. इथे कुणी अकाली गेलं तर "कशाने गेला?" असं विचारत नाहीत. यकृतानेच जातात. काविळीचा विषाणू घरोघर, त्यात तंगीच्या वर्षांत सगळ्यांनी बुरसटलेला मका खाल्लेला, आणि ती बुरशी यकृताला विष. मेईफेनचा बाप गेला तेव्हा ती शाळेत होती. थोरला भाऊ गेला तेव्हा ती आमच्याकडे नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. दोन्ही वेळा तिच्या आईला सांगितलं होतं, "पोटात फोड झालाय, बरा होईल." म्हाताऱ्या माणसांना आणि रोग्याला खरं सांगायचं नाही, ही आमची माया. त्या मायेपायी ही आई, आमची त्साय आजी, दोन्ही वेळा नवं अंथरूण शिवत बसली होती आणि दोन्ही वेळा दारात एकदम प्रेतच आलं.

उरला आताओ, मेईफेनचा धाकटा भाऊ. ओहोटीला समुद्राच्या चिखलात जायचं, पायांनी तुडवून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वर आणायच्या, हा त्याचा धंदा. नाचल्यासारखा तुडवायचा आणि वर गाणीही म्हणायचा. मेईफेन त्याला दर सहा महिन्यांनी मानगूट धरून तपासणीला आणायची.

"ताई, अगं मी बैल आहे का, दर हंगामाला दात बघायला?"

"बैल असतास तर विकला असता. गप झोप त्या टेबलावर."

अशाच एका तपासणीत त्याच्या यकृतात गाठ दिसली. चित्र नीट कळेना म्हणून आधी सुईने बारीकसा नमुना काढला. तो नमुना मेईफेनने तिथल्या तिथे बाटलीत बुडवला. रोग तोच निघाला, बापाला आणि थोरल्याला नेणारा यकृताचा कॅन्सर. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर यान करणार होते. हात सोन्याचा, पण जीभ आवरत नाही असा माणूस.

ह्या वेळी मेईफेनने आईला खरं सांगितलं. म्हातारी रडली नाही. एवढंच म्हणाली, "काढलेलं मला दाखवायचं. तो मका माझ्या हातचा होता. वरची बुरशी खरवडून पेज केली आणि तिघांच्या वाडग्यांत मीच ओतली. मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाच्या बापावर विश्वास ठेवणार नाही."

ऑपरेशनच्या दिवशी मी माझ्या खिडकीशी होते. नदीवर असं धुकं होतं की समोरचं घर दिसेना.

तेव्हा आमच्या इस्पितळात शहरातल्या मोठ्या डॉक्टरांबरोबर एक पाहणी चालू होती. सोपं करून सांगते. पेशी म्हणजे एक घर धरा. त्यात एक एन्झाइम असतं, म्हणजे राबणारा गडी. त्याची जागा ओसरीवर, पेशीच्या बाहेरच्या भागात. तिथे तो मुकाट काम करतो. पण काही गाठींमध्ये हा गडी माजघरात शिरतो, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, आणि तिथे बसून हुकूम सोडायला लागतो. गडी तोच असतो, फक्त जागा बदललेली. ज्यांच्यात तो आत गेलेला दिसे त्यांच्या गाठी बारीक शिरांमध्ये घुसलेल्या असत आणि काढल्यावरही लवकर उलटत. म्हणून अशा रोग्यांना ऑपरेशननंतर यकृताच्या धमनीतून औषध द्यायचं आणि वरचेवर तपासणीच्या यंत्राखाली घालायचं असं ठरलं होतं. ज्यांच्यात गडी ओसरीवरच, त्यांनी घरी जायचं, सहा महिन्यांनी यायचं. आमच्या रंगात एन्झाइम तपकिरी दिसतं. तपकिरी आत की बाहेर, एवढंच मला सांगायचं होतं, आणि त्या एका शब्दावर माणूस घरी जाणार की पहाऱ्यात राहणार हे ठरायचं.

आठवड्याने आताओची काच आली. तपकिरी बाहेर. सगळीकडे बाहेरच. केंद्रकं निळी, रिकामी. माझ्या छातीवरचा दगड उतरला. तेवढ्यात डॉक्टर यान मागून डोकावले.

"बाहेर आहे ना, शेनबाई? बाहेरच आहे!"

"थांबा हो. मी अजून सही केलेली नाही."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. माझं वाक्य संपायच्या आत ते वॉर्डात पोचले होते. दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं की त्सायांच्या पोराचा रोग गरीब जातीचा निघाला. आताओने कुणाकडून तरी तिसऱ्यांचं पोतं मागवून आमच्या खोलीत पाठवलं. त्साय आजीने तिळाच्या वड्या वाटल्या. मेईफेनला मी चिडवलं, "आज तरी हस की गं, बाई. ओठ काय भाड्याचे आहेत?" ती हसली नाही. मला वाटलं, थकली असेल.

सही करायला म्हणून मी पुन्हा काच लावली आणि पेन खाली ठेवलं. तपकिरी फार पसरट होतं. चांगल्या काचेवर रंगाला कड असते. इथे शाई टिपकागदावर फुटावी तसा तो पेशीतून पेशीत पाझरला होता. शेजारच्या निरोगी भागातही तेच. आणि ती निळी केंद्रकं रिकामी असली तरी सुजलेली होती, विटलेली होती.

"मेईफेन, कुकर नीट तापला होता का?"

रंगवण्याआधी काचा आम्ही कुकरमध्ये उकळतो. स्वयंपाकघरातला असतो तसाच, फक्त त्यात भात कधी शिजत नाही.

"तापला होता."

"मग रंग बिघडलाय. पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं, एक शब्द न बोलता. एरवी मी "पुन्हा कर" म्हटलं की अर्धा तास माझा उद्धार व्हायचा. नवी काच आली, तीही तशीच. संध्याकाळी नावं शहरात कळवायची होती. कोण औषधाच्या गटात, कोण घरी, ते ठरून पाहणीचं दार बंद व्हायचं होतं. मी तिच्याकडे वळले. ती बेसिनपाशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता आणि हातात धुवायला काही नव्हतं.

"मेईफेन, हा तुकडा बाहेर किती वेळ होता?"

तिने नळ आणखी मोठा केला.

"अगं, तुला विचारतेय मी. दारातून थेट बादलीत गेला ना?"

तिला "हो" म्हणायचं होतं, हे मला तिच्या पाठीवरून दिसत होतं. एक "हो" म्हटलं असतं तर मी सही केली असती. तिच्या शब्दावर मी आजवर डोळे मिटून सह्या केल्या होत्या. खाली वॉर्डात तिची आई वड्या वाटत होती. भावाने सुटकेसाठी बूट मागवले होते. खोटं नव्हे, नुसतं "हो". मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

तिने नळ बंद केला.

"आई यायची होती. धुक्याने बस अडकली. मी ट्रे झाकून ठेवायला सांगितला. डॉक्टर यान ओरडले, आत रक्त थांबत नव्हतं म्हणून ते परत आत गेले, मग कुणी काही म्हणालं नाही. मी बादली घेऊन उभी होते, शेनबाई. बादली हातात होती. आई जिना चढून येईपर्यंत मी उभीच राहिले."

"किती वेळ?"

"तुकडा सुकला होता. कडेला काळा पडला होता."

मला इतका राग आला की मी टेबलावर हात आपटला. "तू? अगं, तू? गावाला शहाणपण शिकवत फिरतेस, अधिकाऱ्याच्या तोंडावर झाकण लावतेस, आणि स्वतःच्या भावाचं यकृत वाळत घालतेस? मेलेल्या पेशीची भिंत टिकते का? आतला रंग बाहेर पाझरतो, बाहेरचा आत. आता मला कसं कळणार, गडी ओसरीवर होता की माजघरातून वाहत बाहेर आला?"

"मला काचेवरच कळलं होतं."

"आणि गप्प बसलीस!"

"आई हसत होती, बाई," ती म्हणाली. "मी तिला कधी हसताना पाहिलेलंच नव्हतं."

माझा राग जागच्या जागी बसला. ती भिंतीला टेकून खाली बसली, मीही स्टुलावर बसले, आणि तिसऱ्यांच्या पोत्यातून पाणी फरशीवर पसरत राहिलं.

मग आम्हा दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. "सुईचा नमुना," मी म्हटलं, आणि ती तोवर उठून कपाटाकडे निघालीही होती. ऑपरेशनआधीचा तो दोऱ्याएवढा तुकडा. तो कुणाला दाखवला नव्हता. तो कुणासाठी थांबला नव्हता.

"तू नको करूस," मी म्हटलं. "हात बघ तुझे."

"मग कोण करणार? तुम्ही? तुम्ही कुकर जाळाल."

नमुना मेणाच्या वडीत बसवून जपलेला असतो, त्या वडीतून तिने काप काढले. नमुना इतका बारीक होता की एक काप फाटला असता तर दुसऱ्याची खात्री नव्हती. एकही काप फाटला नाही. कुकर तापायला लागला. रंगाला जो वेळ लागतो तो लागतोच, त्याला रागावून चालत नाही.

"मी खाली जाऊन येते," ती म्हणाली. "आईला सांगते."

"अगं, काच तर बघू दे! बाहेर निघालं तर सांगायची गरजच काय? कशाला उगाच त्या म्हातारीला..."

"तिला दोनदा असंच ठेवलं होतं, शेनबाई."

मीही मागोमाग गेले, कारण मला ती एकटी नको वाटली. आताओ झोपला होता. आजी खाटेशी बसून संत्रं सोलत होती. मेईफेनने सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, काही न वगळता. आजीचे हात थांबले.

"म्हणजे मी उशिरा आले म्हणून."

"नाही, आई. मी थांबवलं म्हणून."

"मीच म्हटलं होतं, मला दाखव."

"तू म्हटलंस. पण बादली माझ्या हातात होती."

आजीने अर्धवट सोललेलं संत्रं पिशवीत परत ठेवलं. तिच्या तोंडाकडे बघवेना. मक्याचं ओझं काय कमी होतं, की त्यावर आता हे. मला वाटलं, ही बाई आता इथेच कोसळणार. ती माझ्याकडे वळली. "डॉक्टरीणबाई, आता काय बघायचं राहिलंय?"

"सुईचा तुकडा, आजी. वर रंगतोय."

"मग इथे का उभ्या? जा."

काच तयार झाली तेव्हा खिडकीतला उजेड ओसरायला लागला होता. मेईफेन माझ्या मागे उभी राहिली. ती सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून बघू शकली असती, बघितलं नाही. मी भिंग फिरवलं. चित्र धूसर होतं, मग कडा आल्या. स्वच्छ, रेखीव कडा. पेशींच्या बाहेरचा भाग फिका होता. आणि मधोमध, मसुराच्या दाण्यांसारखी, एकेक केंद्रक गडद तपकिरी.

"आत?" तिने विचारलं.

"आत."

मी सही केली, कागद घेऊन स्वतः डॉक्टर यानांकडे गेले आणि त्यांना असं काही सुनावलं की ते पुढे बरेच दिवस माझ्या खोलीत खोकून शिरत. आताओचं नाव औषधाच्या गटात गेलं.

त्याला सांगायचं काम मेईफेनचंच होतं. तो बूट घालून बसला होता.

"काढ ते," ती म्हणाली. "राहायचंय तुला. गरीब जात नाही, हरामी जात आहे."

त्याने एक बूट काढला. मग म्हणाला, "ताई, निदान तिसऱ्या तरी परत दे."

"शिजवल्या."

"सगळ्या?"

"शेनबाईंनी खाल्ल्या."

हे धादांत खोटं होतं. पण त्या दिवशी मी ते अंगावर घेतलं.

औषधाने त्याचे केस गेले, भूक गेली, गाणी गेली. दर खेपेला तो यंत्राखाली जायचा आणि मेईफेन बाहेर नखं कुरतडायची. नवं वर्ष गेलं. फटाके संपले. वसंतात यंत्राने यकृताच्या दुसऱ्या टोकाला मुगाएवढा एक ठिपका दाखवला. सहा महिन्यांनी या म्हणून घरी धाडलं असतं तर ठिपका कळला नसता, कळलं असतं ते एकदम कलिंगड. डॉक्टर यान म्हणाले, लगेच काढतो.

ह्या खेपेला त्साय आजी आदल्या दिवशीच येऊन बसली होती. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर, दारासमोर, पिशवी मांडीवर घेऊन. मेईफेन बादली घेऊन दारात उभी राहिली, आणि मी, जी कधी माझी खिडकी सोडत नाही, तीही त्या दिवशी तिथे होते. आतून हत्यारांचा आवाज आला की तिघींच्या माना वर होत.

दार उघडलं. ट्रे आला. मदतनीस सरळ आजीसमोर गेला आणि त्याने कापड उचललं. "आजी, हे बघा..."

आजीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मदतनीस गोंधळला. मेईफेनही गोंधळली. बादली हातात, झाकण उघडं, आणि ती आईच्या पाठीकडे बघत तशीच उभी. तिला वाटलं असेल, एक क्षण देऊ, वळेल. मलाही तेच वाटलं.

"उभी काय राहिलीस?" भिंतीकडे तोंड करून म्हातारी ओरडली. सगळा मजला दचकला. मेईफेनचा तो लिलावाचा आवाज कुठून आला ते मला तेव्हा कळलं. "मी काय अधिकारी लागून गेले? बुडव ते! मासळी आणि यकृत कुणासाठी थांबत नाही म्हणतेस ना? मग माझ्यासाठी का थांबतेस?"

तुकडा बादलीत गेला. झाकण लागलं. आजीने त्यानंतरच मान वळवली आणि त्या बंद झाकणाकडे बघून ती हमसाहमशी रडायला लागली. नवऱ्यासाठी, थोरल्यासाठी, मक्यासाठी, सगळं एकदम. मेईफेनला तिच्याजवळ बसायचं होतं. बसली नाही. बादली घेऊन ती जिना उतरून पळत गेली.

काही दिवसांनी काच माझ्यासमोर आली तेव्हा मी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितली. मग खाली वॉर्डात गेले. आजी खाटेशी होती. आताओ झोपलेला होता. आमच्या रीतीप्रमाणे मी "सगळं छान आहे" म्हणायला हवं होतं.

"आजी," मी म्हटलं, "कापलेल्या कडा स्वच्छ आहेत, मागे काही राहिलेलं दिसत नाही. ह्या वेळी शिरांमध्ये काही शिरलेलं नाही. पुढचं मला माहीत नाही. पहारा चालूच ठेवायचा."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुम्ही स्वतः बघितलंत? डोळ्यांनी?"

"बघितलं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि पिशवीतलं संत्रं काढून सोलायला लागली.